सिमिट वजा जाता

मी मापारी. येवद्याच्या यार्डात एकवीस वर्षं.
तूर, हरभरा, कधी कोणाचं भंगार,
कधी गंमत म्हणून काट्यावर चढलेली पोरं.
आकडा गोल आला की मी पुन्हा तोलतो.
बरोब्बर शंभर म्हणजे
कोणीतरी पाय ठेवलाय.
खरं वजन कुठंतरी अडलेलं असतं,
त्रेपन्न आठशे, अठ्ठ्याण्णव सहाशे.

म्हणून तायड्यांचा अंशुल
दर्यापूरच्या जिममधून येऊन म्हणाला,
"काका, आज दोनशे उचलले,"
तेव्हा मी त्याचे दंड पाहिले नाहीत.
विचारलं, खाली कसे ठेवले?
"ठेवले म्हणजे?"
बस.
हमालाला विचारा कधीही,
तो उतरवण्याबद्दलच बोलतो.

पण झिंगराजी ढोके वेगळं प्रकरण.
वय अठ्ठ्याहत्तर, वारा सुटला की धोतर धरून चालणार,
आणि पानटपरीवर तेच, पन्नास वर्षं:
"तीन मन! खांद्यावर घेतला गोटा
अन् मारुतीले पुरी चक्कर मारली बाप्पा."
तीन मण म्हणजे एकशे बारा किलो.
मी एकदा देवळात जाऊन गोटा वितीनं मोजला,
घेर पाच वीत, काळा दगड.
पंचाहत्तरच्या वर जात नाही.
बोललो नाही. म्हाताऱ्याच्या तोंडचं
कशाला काढा.

तो आणखी एक सांगायचा, ते कोणी ऐकत नव्हतं:
"बुडाले खोबन हाये, डाव्या हाताची चार बोटं जातीन.
उजव्याले काहीच नाही.
म्हनून छातीशी आला का उजवीकडं कलते."
बूड कोणी पाहिलं होतं?
गोटा ओट्यात सिमिटनं बसवला
तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

यंदा सभामंडपासाठी ओटा फोडला.
ठेकेदार म्हणाला, गोटा ठेवायचा कुठं?
सरपंच म्हणाले, आधी तोलून तर पाहू,
कटकट मिटेल एकदाची.
ट्रॉलीतून यार्डात आणला.
खोबण होती. डावीकडंच.
मी मनात म्हटलं, लोळवताना दिसली असेल,
तेवढ्यानं काय होतं.
मग गजू आणि रहेमान, माझे दोन पक्के हमाल,
उचलायला वाकले, कमरेपर्यंत आणला,
छातीशी घेतला आणि ओरडले,
"अबे उजवीकडं! उजवीकडं जाऊन राह्यला!"

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

लाल आकडे हलले, थांबले:
एकाहत्तर चारशे.
यार्ड हसलं.
अंशुलनं फोटो काढला.
कोणी म्हणालं, दीड मन उतरलं गा झिंगराजी,
उन्हानं वाळला असन.

तो हसला नाही. चिडलाही नाही.
काट्याजवळ आला, वाकायला वेळ लागला,
बोटं न पाहता खोबणीत घातली.
ती बसली.
मग दुसऱ्या हातानं बुडाशी चाचपून म्हणाला,
"हे सिमिट चिकटलं हाये, मापारी.
हे माह्यं नाही. वजा कर."

छिन्नी आणली. अर्धा तास ठोकत बसलो,
मागं अडत्यांच्या शिव्या, तुरीची रांग.
सिमिट निघालं दोन किलो तीनशे.
मी पावती फाडली:
माल, गोटा. एकोणसत्तर शंभर.
हमाली लावली नाही.
त्यानं ती चार घड्या करून
बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

संध्याकाळी टपरीवर
बाहेरगावचा कोणी ड्रायव्हर बसला होता.
झिंगराजी त्याला सांगत होता,
"तीन मन, बाप्पा. खांद्यावर."
ड्रायव्हर माझ्याकडं वळला,
माझ्या खिशाला पावतीपुस्तक, कानाला पेन:
"तुम्ही काट्यावर असता ना? खरं हाये का?"

चहा गरम होता.
मी बराच वेळ फुंकर घालत बसलो.
"उजवीकडं कलते तो," मी म्हणालो.